सातवा दिवस आणि चौदावा दिवस

सही करायच्या आधी आजींनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "माझ्या गुडघ्यातून जे काढाल, त्याचं तुम्ही नक्की काय करणार?"

संमतिपत्र समजावून सांगायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा गुडघा बदलला जाणार होता. अशा शस्त्रक्रियेत झिजलेल्या हाडाचे आणि त्यावरच्या कूर्चेचे, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या लवचीक आवरणाचे, तुकडे कापून काढतात. एरवी त्यांची विल्हेवाट लावली जाते, आम्हाला ते संशोधनासाठी हवे होते. मी पाठ केलेलं सांगितलं. तुमचं नाव कुठे येणार नाही, फक्त एक क्रमांक असेल, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत विचारलं, "ते झालं गं. पण त्यात तुम्हाला बघायचंय काय?"

मला नीट सांगता आलं नाही. "झीज का होते ते बघायचंय," एवढंच म्हणाले.

"वयानं होते की," असं म्हणून त्यांनी सही केली.

मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षात होते. सांध्यांच्या विकारांत कूर्चा कशी नष्ट होते आणि कोणत्या टप्प्यापर्यंत ती वाचवता येते, हा माझा विषय. या विषयाकडे मी आले ती मावशीमुळे. तिच्या हातांची बोटं मी लहान असल्यापासून वाकडी होत गेलेली पाहिली होती. पुढे अभ्यास करताना कळलं, की तिचा आजार आणि आजींचा आजार हे दोन वेगळे आजार आहेत. आपल्या बोलण्यात मात्र दोन्हींना सर्रास 'संधिवात' म्हणतात. खरं तर जुन्या वैद्यकाकडे यासाठी वेगवेगळे शब्द होते. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र वर्णन आहे, वातरक्त तर त्याहून जुनं. रोजच्या भाषेत हा फरक पुसला गेला आणि त्याचं नुकसान रुग्णांना सोसावं लागतं, असं माझं ठाम मत झालंय. त्याबद्दल पुढे सांगतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला. बर्फात ठेवलेली बरणी, आत मिठाच्या निर्जंतुक द्रावणात बुडालेले तुकडे. हुडखाली बसून मी पहिला तुकडा चिमट्यानं उचलला. गुडघ्याच्या आतल्या बाजूचा होता तो. त्याच्यावर कूर्चा नव्हतीच. हाड हाडावर घासून इतकं गुळगुळीत झालं होतं, की हस्तिदंतासारखं चमकत होतं. मग बाहेरच्या बाजूचा तुकडा काढला. त्यावर कूर्चा होती. किंचित पिवळसर, पण अखंड, दोनेक मिलिमीटर जाड, स्काल्पेल लावलं की करकरीत कापली जाणारी.

मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. एकाच माणसाचा एकच गुडघा. दोन्ही बाजूंचं वय एक, रक्त एक, जनुकं एक. तरी एक बाजू साफ गेलेली आणि दुसरी टिकलेली. 'वयानं होते' हे उत्तर या डिशमध्ये पुरत नव्हतं. वय आजाराला वाट करून देतं हे खरं, पण त्या वाटेनं येतं कोण, ते वेगळं शोधावं लागतं.

कूर्चा ही शरीरातली फार विलक्षण वस्तू आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. पेशी आहेत, पण एकूण आकारमानाच्या जेमतेम एक ते पाच टक्के. बाकी सगळा पसारा त्या पेशींनी आपल्याभोवती विणलेला. त्यातही ६५ ते ८० टक्के पाणीच. मग उडी मारल्यावर हे पाणी पिळून निघून का जात नाही? तर ते धरून ठेवायला अ‍ॅग्रेकॅन नावाचा प्रचंड मोठा रेणू असतो. बाटली धुवायच्या ब्रशसारखी त्याची रचना. मधोमध प्रथिनाची दांडी आणि तिच्यावर सल्फेट लागलेल्या साखरेच्या साखळ्यांचे शंभरावर केस. या केसांवर ऋणभार असतो, म्हणून ते सोडियम ओढतात आणि सोडियमच्या मागे पाणी येतं. अ‍ॅग्रेकॅनला फुगायचं असतं, आणि त्याला फुगू न देता आवळून धरतं ते कोलॅजेनच्या तंतूंचं जाळं. हा ताण कायम चालू असतो आणि त्याच्याच जोरावर आपण उभे राहतो, चालतो, जिने चढतो. अ‍ॅग्रेकॅन गेलं तर कूर्चा मऊ पडते. कोलॅजेन गेलं तर कूर्चाच उरत नाही. माझं पुढचं सगळं काम या दोन वाक्यांमधल्या अंतरावर झालं.

पहिले सात महिने मात्र चुकीच्या वाटेवर गेले. मला वाटलं, प्रश्न पेशींचा आहे, तर पेशी वेगळ्या काढून वाढवू. कूर्चेचे बारीक तुकडे करायचे, रात्रभर कोलॅजिनेज या कोलॅजेन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवायचे, सकाळी चाळणीतून गाळून पेशी गोळा करायच्या आणि प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये पसरायच्या. पेशी छान चिकटल्या, भराभर वाढल्या. मी खूश होते. दोन-तीनदा त्यांना नव्या फ्लास्कमध्ये हलवलं आणि मग त्यांचं आरएनए तपासलं. टाइप २ कोलॅजेन, म्हणजे कूर्चेची ओळख, जवळपास नाहीसं झालेलं. त्याऐवजी त्वचेत आणि अस्थिबंधांत सापडणारं टाइप १ बनत होतं. सपाट पृष्ठभागावर पसरल्या, की या पेशी आपला मूळ धर्म विसरतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शाफर यांनी दाखवलं होतं, की अशा पेशी अ‍ॅगारोजच्या जेलमध्ये गोल आकारात ठेवल्या तर त्या पुन्हा कूर्चेसारख्या वागू लागतात. हे मी वाचलेलं होतं. माझ्या फ्लास्कमध्येही तेच होणार, हे मात्र डोक्यात उतरलं नव्हतं.

गाइड मॅडमनी माझे सगळे ग्राफ पाहिले आणि म्हणाल्या, "तू या पेशींना त्यांच्या जागेवरून उठवलंस आणि मग जागेबद्दल विचारते आहेस. त्या कशा सांगतील? आख्खा तुकडा घे."

म्हणून आख्खा तुकडा. माणसाची कूर्चा थोडी मिळते आणि प्रत्येक रुग्णाची वेगळी वागते. त्यामुळे हात बसेपर्यंत आम्ही जनावराच्या नाकाच्या पडद्याची कूर्चा वापरत होतो. या क्षेत्रात ती अनेक प्रयोगशाळा वापरतात, कारण ती भरपूर मिळते आणि तिचे परिणाम स्वच्छ दिसतात. पातळ काप काढायचे, पंचनं गोल चकत्या पाडायच्या, चोवीस खणांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खणात तीन-तीन चकत्या टाकायच्या, वर मीडियम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण. काही खणांत नुसतं मीडियम, तो तुलनेसाठीचा कंट्रोल. बाकीच्यांत दोन संदेशवाहक प्रथिनं एकत्र, इंटरल्युकिन-१ आणि ऑन्कोस्टॅटिन-एम. सुजलेल्या सांध्यात ही दोन्ही सापडतात. मग प्लेट ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. ठरलेल्या दिवशी मीडियम काढून जपून ठेवायचं आणि नवं घालायचं.

चकतीतून काय सुटून आलं ते त्या काढलेल्या मीडियममध्ये कळतं. अ‍ॅग्रेकॅनच्या सल्फेटवाल्या साखळ्या मोजायला डीएमएमबी नावाचा निळा रंग वापरतात. साखळ्या भेटल्या की निळ्याचा जांभळा होतो, आणि ५२५ नॅनोमीटरवर तो जांभळेपणा मोजता येतो. काम सोपं आहे, पण वेळेचं आहे. रंग आणि साखळ्या मिळून गुठळ्या होऊन खाली बसायला लागतात, त्यामुळे रंग घातला की लगेच प्लेट वाचावी लागते. पहिल्या खेपेला मी शेवटच्या ओळीत रंग घालेपर्यंत पहिल्या ओळीत गाळ दिसायला लागला होता. मग आठ तोंडांचं पिपेट, आधी भरून ठेवलेली सगळी सँपलं आणि रीडरला लागून ठेवलेलं स्टूल, अशी सवय लागली. या गोष्टी पेपरात कुणी लिहीत नाही.

सातव्या दिवशी इंटरल्युकिनच्या खणांतलं मीडियम घेतलं आणि रंग घालताक्षणी प्लेटच्या त्या भागात जांभळा उमटला. चकत्यांतलं अ‍ॅग्रेकॅन बहुतेक सगळं बाहेर आलं होतं. आणि चकत्या? दिसायला तशाच. तेवढ्याच, तशाच गोल. चिमट्यानं दाबल्यावर मात्र कळायचं की त्या लिबलिबीत झाल्यात.

चकतीत उरलेलं मोजायचं तर ती विरघळवावी लागते. त्यासाठी पपेन घालून ६५ अंशांवर रात्रभर ठेवतात. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम. पपेनची ती छोटी बाटली हातात घेतली, की मला दर वेळी सशांची गोष्ट आठवायची. लुईस थॉमस या अमेरिकी डॉक्टरनं सशांच्या शिरेत पपेन टोचलं आणि त्यांचे ताठ कान एका दिवसात लोळागोळा होऊन दोन्ही बाजूंना लोंबले. त्याला हे आधीही दिसलं होतं, पण कूर्चा ही निष्क्रिय, कंटाळवाणी वस्तू असा सगळ्यांचाच समज होता आणि त्यानं ते बाजूला ठेवलं. पुन्हा नीट पाहिल्यावर १९५६ मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. पपेननं कानातल्या कूर्चेचा पाणी धरून ठेवणारा भाग विरघळवला होता. पण मला त्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: काही दिवसांत ते कान आपोआप पुन्हा ताठ झाले. पेशी जिवंत होत्या, कोलॅजेनचं जाळं शाबूत होतं, पेशींनी गेलेलं सामान नव्यानं बनवून त्या जाळ्यात भरलं. आणि सशांना कॉर्टिझोन दिलं, तर कान पुन्हा उभे राहायला अडथळा यायचा. ज्या औषधानं सूज उतरते तेच औषध डागडुजीही थांबवू शकतं, हे तिथेच दिसून गेलं होतं.

म्हणजे माझ्या सातव्या दिवसाच्या चकत्या त्या सशांच्या कानांच्या जागी होत्या.

अकराव्या दिवशी प्लेटमध्ये बुरशी आली. सगळी टाकून द्यावी लागली. चौदाव्या दिवसापर्यंत पोचायला तीन प्रयत्न लागले.

पोचले तेव्हाचं दृश्य विसरत नाही. इंटरल्युकिनच्या खणांत काही चकत्या कडेनं कुरतडल्यासारख्या पातळ झालेल्या, काही खणांत तळाशी नुसता चिकट थर. कंट्रोलमधल्या चकत्या शेजारी तशाच घट्ट. कोलॅजेन मोजायचं म्हणजे त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलीन मोजायचं, कारण हे अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये भरपूर असतं आणि इतरत्र फार थोड्या ठिकाणी. सँपल तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर रात्रभर शिजवायचं, आम्ल उडवायचं, मग रंगाची क्रिया. त्या कोपऱ्यात आम्लाचा वास कितीही काळजी घेतली तरी राहायचाच. आकडे आले ते स्पष्ट होते. पहिल्या आठवड्यात कोलॅजेन जवळपास सुटलेलंच नव्हतं. दुसऱ्या आठवड्याच्या उत्तरार्धात ते एकदम सुटलं.

या चकत्या कुणी खाल्ल्या? बाहेरून तर मी कसलंच एन्झाइम घातलं नव्हतं. घातला होता फक्त संदेश. हे कोडं माझ्या आधी ऑनर फेल या जीवशास्त्रज्ञ बाईंनी सोडवून ठेवलं होतं. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या त्या चाळीसएक वर्षं प्रमुख होत्या. निवृत्तीनंतरही त्या बाकावर बसून काम करत राहिल्या. १९७७ मध्ये त्यांनी आणि जुब यांनी कूर्चेचा तुकडा आणि सांध्याचं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, शेजारी शेजारी पण एकमेकांना न चिकटवता वाढवले. कूर्चा झिजू लागली. मग त्यांनी कूर्चेतल्या पेशी आधी मारून तोच प्रयोग केला, आणि ती झीज थांबली. अस्तरातून काहीतरी निघत होतं आणि कूर्चेतल्या जिवंत पेशींना सांगत होतं, की आपलं घर मोडा. त्या अज्ञात वस्तूला 'कॅटाबोलिन' असं नाव दिलं गेलं. ऐंशीच्या दशकात ती शुद्ध करून पाहिली तेव्हा ती इंटरल्युकिन-१ निघाली. तीच मी माझ्या खणांत घालत होते.

ज्या पेशींनी जन्मभर घर विणलं त्याच ते उसवतात, हे कळल्यावर मला झीज हा शब्द खटकायला लागला. झीज म्हणजे चपलेची होते तशी. गुडघ्यात घासणं असतंच, पण त्या घासण्याचाही संदेश पेशी वाचतात आणि एन्झाइम सोडतात. अ‍ॅग्रेकॅन कापणारी एन्झाइमं एडीएएमटीएस-४ आणि ५, ही दोन्ही १९९९ मध्ये हाती लागली. कोलॅजेनचा तिहेरी पीळ मात्र सहजी कुणाला कापता येत नाही. तो कापणारं प्राणिज एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत, १९६२ मध्ये. ग्रॉस आणि लापिएर यांना प्रश्न पडला होता, की बेडूक मोठा होताना त्याची शेपटी जाते कुठे. शेपटीचे तुकडे त्यांनी कोलॅजेनच्या जेलवर ठेवले आणि तुकड्यांभोवतीचं जेल विरघळलं. आपल्या कूर्चेत त्याच कुळातलं एमएमपी-१३ हे मुख्य गुन्हेगार मानलं जातं. ते पीळ एकाच ठरावीक जागी कापतं, तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असे दोन तुकडे होतात, आणि शरीराच्या तापमानाला ते तुकडे आपोआप उलगडून जिलेटिन होतात. मग उरलेलं काम कुणीही करू शकतं.

आणि गेलेलं कोलॅजेन परत येत नाही. प्रौढ माणसाच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं अर्धं बदलायला लागणारा काळ, शंभर वर्षांहून जास्त निघतं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला होता. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या कूर्चेत त्याचा ठसा राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुडघ्याच्या कूर्चेतला हा ठसा वाचला, तर दिसलं की वाढीचं वय संपल्यावर कोलॅजेन जवळजवळ नव्यानं बनतच नाही, गुडघा निरोगी असो वा आजारी. विशीच्या आत जे जाळं विणलं गेलं त्याच जाळ्यावर माणूस ऐंशीव्या वर्षी चालत असतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. भीतीनं म्हणा, आदरानं म्हणा.

तिथून माझा खरा प्रयोग सुरू झाला. चकत्यांचे दोन गट केले. एका गटाला सात दिवस इंटरल्युकिन, दुसऱ्याला चौदा दिवस. मग दोन्हींना स्वच्छ मीडियम, आणखी तीन आठवडे. बघायचं एवढंच, की त्रास थांबवल्यावर कुणाला सावरता येतं. प्लेट चार वेळा केली. चारही वेळा तेच दिसलं. सात दिवसांच्या गटात अ‍ॅग्रेकॅन हळूहळू परत भरलं. पूर्ण नाही, पण चिमट्याला पुन्हा दाब जाणवू लागला. काप काढून सॅफ्रानिन-ओ या अ‍ॅग्रेकॅनला लाल करणाऱ्या रंगानं रंगवले तेव्हा पेशींभोवती लाल वलयं दिसली. फिक्या कापडावर शाईचे थेंब पसरावेत तशी. चौदा दिवसांच्या गटात जे शिल्लक होतं त्यात काही भरायला जागाच नव्हती. थांबवण्याला अर्थ असतो तो सातव्या दिवशी. चौदाव्या दिवशी तेच औषध घातलं तर ते कुणाला वाचवणार?

या एका गोष्टीवर माझा इतका विश्वास बसला, की मी औषधांचे जुने अपयशी प्रयोग नव्यानं वाचायला लागले. २००५ मध्ये उंदरांतून एडीएएमटीएस-५ चं जनुक काढून टाकल्यावर त्यांची कूर्चा टिकली, असं दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं होतं. तेव्हा वाटलं होतं, औषध आता दारात आलं. पुढे ते एन्झाइम अडवणारी गोळी माणसांत वर्षभर तपासली गेली. कूर्चेचं पातळ होणं तिनं कमी केलं नाही. एमएमपी कुळाला सरसकट अडवणारी औषधं कर्करोगासाठी दिली, तर रुग्णांचे सांधे आणि स्नायू दुखून आखडू लागले. इंटरल्युकिन-१ अडवूनही गुडघ्याच्या झिजेत फारसं हाती लागलं नाही. सांध्यांसाठी पूरक म्हणून घेतलं जाणारं ग्लुकोसामाइन २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांमध्ये दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आज ऑस्टिओआर्थ्रायटिसची, म्हणजे आजींना झालेल्या या झिजेच्या आजाराची, वाट बदलणारं मान्यताप्राप्त औषध एकही नाही. दुखणं कमी करणारी आहेत, स्नायूंचा व्यायाम आहे, वजन उतरवणं आहे, आणि शेवटी शस्त्रक्रिया. या अपयशांची कारणं अनेक आहेत, पण मला एक कारण सतत दिसतं. गुडघा दुखतो तेव्हा रुग्ण येतो. कूर्चेला मज्जातंतू नाहीत, म्हणून तिचा सातवा दिवस दुखतच नाही.

मावशीच्या आजारात गोष्ट वेगळी आहे, आणि म्हणूनच मी नावांच्या घोळावर चिडते. आमवातात म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सुरुवात अस्तराच्या सुजेपासून होते, आणि ती सूज दुखते, सकाळी बोटं आखडतात. म्हणजे शरीर वेळेवर हाक मारतं. शिवाय रक्तात खुणा असतात. शरीरातलं एक एन्झाइम काही प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिनमध्ये रूपांतर करतं. कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडलेलं हे सिट्रुलिन. काही जणांची प्रतिकारशक्ती अशी बदललेली प्रथिनं परकी समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. अँटी-सीसीपी चाचणी त्यांनाच पकडते. साठवून ठेवलेली दात्यांची रक्तं तपासली तेव्हा कळलं, की सांधे दुखायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून ही प्रतिपिंडं रक्तात असू शकतात.

आणि उपचार आहेत. १९८९ मध्ये लंडनला मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटानं रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर डिशमध्ये वाढवलं आणि त्यात टीएनएफ हे एकच प्रथिन अडवलं. बाकीची सूजकारक प्रथिनं अनेक असूनही इंटरल्युकिन-१ खाली आलं. सगळी साखळी एका कडीला टांगलेली होती. १९९२ मध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलं गेलं, आणि आज त्या कुळातली औषधं जगभर वापरली जातात. पहिलं औषध मात्र बहुतेकांना अजूनही मेथोट्रेक्झेटच. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं लेडर्ली कंपनीत फॉलिक आम्लावर जे काम केलं, त्यातून या औषधाचं कुळ निघालं. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती गोळी, सोबत डॉक्टर सांगतील तसं फॉलिक अ‍ॅसिड. कुणी ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे मी भेटेल त्याला सांगते.

मावशीला हे सगळं मिळू शकलं असतं. तिला बरीच वर्षं 'संधिवात आहे, वयानं होतो' असं सांगून फक्त वेदनाशामक दिली गेली. वय तेव्हा चाळीसच्या आत होतं. मेथोट्रेक्झेट सुरू झालं तेव्हा सूज उतरली, सकाळचं आखडणं गेलं. वाकलेली बोटं वाकलेलीच राहिली. माझे आलेख मी तिला एकदा दाखवले होते. दोन रेघा, एक लवकर चढणारी, एक उशिरा. तिनं दुसऱ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "मी इथं आले ना?" मी हो म्हणाले. खोटं बोलणं जमलं नसतं.

माणसाच्या कूर्चेवरचे प्रयोग शेवटच्या दीड वर्षात केले. ते नाकाच्या पडद्याइतके सुबक आले नाहीत. काही रुग्णांच्या चकत्या इंटरल्युकिनला लगेच प्रतिसाद द्यायच्या, काहींच्या अजिबात नाही. आधीच अ‍ॅग्रेकॅन गमावलेल्या तुकड्यांतून सुटायला फारसं उरलेलंच नसायचं. मी सुरुवातीला अशी सँपलं वगळायचा विचार केला होता. मॅडमनी ठाम नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. रुग्ण असेच असतात.

प्रबंध लिहायला घेतला त्या सुमारास एकदा यादीत नाव दिसलं आणि मी संमतिपत्र घेऊन स्वतः गेले. त्याच आजी. यावेळी डावा गुडघा. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"मागच्या खेपेचं काय सापडलं?" बसायच्या आधीच प्रश्न.

मी सांगितलं की कोणता क्रमांक कुणाचा ती यादी माझ्याकडे नसते, त्यामुळे तुमच्या तुकड्यावरच्या चाचण्यांत नेमकं काय निघालं ते मलाच माहीत नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग मी खुर्ची ओढली आणि या वेळी नीट सांगितलं. कूर्चेतल्या पेशी जिवंत असतात. त्यांना संदेश मिळतो आणि त्या आपलंच घर मोडतात. आधी पाणी धरणारा भाग जातो, तो परत येऊ शकतो. नंतर जाळं जातं, ते येत नाही. आणि तुमच्या वयाच्या गुडघ्यातसुद्धा एक बाजू शाबूत असते, म्हणजे नुसत्या वयानं होत नाही.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी मुलगी पंचेचाळीसची आहे. फुटबॉल खेळताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. तिचं दुखत नाही अजून."

लिगामेंट तुटलेल्या गुडघ्यात काही वर्षांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याचा धोका बराच जास्त असतो. मी त्यांना ते सांगितलं. मांडीचे स्नायू मजबूत ठेवायचे, वजन वाढू द्यायचं नाही आणि दुखत नसलं तरी एकदा दाखवून यायचं, हेही सांगितलं. औषध आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हणाले. अजून नाही.

त्यांनी पेन उचललं, सही केली आणि कागद परत देताना म्हणाल्या, "या वेळी चांगल्या बाजूचा तुकडा जरा जास्त घ्या म्हणावं डॉक्टरांना."

तसं करता येत नाही, जेवढं कापावं लागतं तेवढंच कापतात. पण दुसऱ्या दिवशी डबा आला तेव्हा बाहेरच्या बाजूला चांगली कूर्चा होती. बारा चकत्या निघाल्या. सहा कंट्रोलला, सहा इंटरल्युकिनला. मीडियम घालून झाकण लावलं आणि मार्करनं वर तारीख लिहिली, तिच्यापुढे 'दिवस ०'.